भिंत पक्की, हिशेब कच्चा

हूवर धरणाच्या भिंतीत एकही माणूस गाडलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण या धरणाचा विषय काढला की दोन वाक्यांच्या आत समोरचा विचारतोच, "त्यात मजूर जिवंत गाडले गेले होते ना?" आपल्याला हा प्रश्न सहज सुचतो. कुठे मोठा पूल बांधायला घेतला की "पुलाला माणूस लागतो" अशी आवई उठायची आणि आया पोरांना दिवेलागणीनंतर बाहेर सोडायच्या नाहीत. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातही नेमकी तीच आवई नव्वद वर्षं टिकून आहे, याची मला गंमत वाटते.

गाडलं जाणं शक्यच नव्हतं. ती भिंत एकसंध ओतलेली नाही. ठोकळ्याठोकळ्यांनी चढवलेली आहे, आणि प्रत्येक ठोकळ्यात एका वेळी पाच फुटांचाच थर. केबलवरून आलेली काँक्रीटची डोल रिकामी झाली की माल जेमतेम काही इंच वर यायचा. तो बुटांनी तुडवायला आणि फावड्यांनी सारखा करायला माणसं आत उभीच असत. त्यातही कुणी अडकलाच असता तर इंजिनिअरांनी त्याला खणून काढला असता, माणुसकी म्हणून नसेल तरी भिंतीच्या काळजीपोटी. देह कुजला की पोकळी राहते, आणि धरणाच्या पोटात पोकळी कुणालाच नको असते.

मेले मात्र पुष्कळ. सरकारी आकडा 96 आहे. कड्यावरून पडून, सुरुंगात, बुडून, यंत्राखाली येऊन. या आकड्यात बोगद्यांत काम करून "न्यूमोनिया"नं गेलेले धरलेले नाहीत. बोगद्यात पेट्रोलवर चालणारी वाहनं न्यायला नेवाडाच्या खाणकायद्यानं बंदी होती, तरी कंत्राटदारानं ट्रक आत घातले. माणसं धुरानं घुसमटून आजारी पडली आणि कागदावर न्यूमोनिया लागला, असा कामगारांचा आरोप होता. त्यावर खटले झाले, तडजोडी झाल्या. भिंत खोदून बघायची गरज नाही. रजिस्टर उघडून बघावं लागतं.

ही सवय मला घरातून लागली. माझे वडील पालिकेत चावीवाले होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: मुंबईत नळाला पाणी आपोआप येत नाही. ठरलेल्या वेळी एक माणूस येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण पहारीनं उचकटतो, कमरेएवढ्या उंच दांड्याची चावी खालच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवतो आणि मोजून आटे फिरवतो. आटे मोजायचे, कारण व्हॉल्व्ह एकदम उघडला तर जुनी लाइन दणका खाऊन फुटते. कुठल्या गल्लीला किती आटे आणि किती वेळ, हे वडिलांना तोंडपाठ होतं. लोक त्यांना चहा पाजायचे, शिव्याही घालायचे. "टाकीत पाणी किती आहे याला महत्त्व नाही," ते म्हणायचे, "यादीत कोण आहे ते बघायचं." भांडुपच्या आमच्या घरात धरण हा शब्द मी देव या शब्दाइतकाच ऐकला असेन. त्यामुळे भाची लास व्हेगसला नोकरीला लागली तेव्हा मी तिला कॅसिनोबद्दल काहीच विचारलं नाही.

2022 च्या जुलैत तिनं मला तिथे नेलं. शहरातून तासाभराच्या आत पोचतो. उन्हाचं काय सांगू, गाडीच्या दाराच्या कडीला हात लावायला रुमाल लागत होता. धरणाच्या माथ्यावरून रस्ता जातो आणि पाण्यात चार बुरूज उभे आहेत, ज्यांतून पाणी आत घेतात. त्यांतल्या दोन बुरुजांवर घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवणारं, एक ॲरिझोनाची. नदीच्या मधोमध राज्यांची हद्द. उन्हाळ्यात दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतात, कारण ॲरिझोना उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे करण्याच्या भानगडीत पडत नाही. मला वाटतं, हे धरण समजून घ्यायला ही दोन घड्याळं बरी पडतात. एकच पाणी, आणि त्यावर प्रत्येकाचा आपला हिशेब.

भाची मात्र घड्याळं बघत नव्हती. "मामा, ते कडे बघ," ती म्हणाली. दोन्ही बाजूंच्या तांबूस-काळ्या कड्यांवर पाण्यापासून वर रुंद पांढरा पट्टा चढला होता. पाण्यातले क्षार खडकावर बसून पाणी उतरल्यावर जे उरतं ते. "माझा जन्म झाला तेव्हा पाणी तिथपर्यंत होतं." तिचं बरोबर होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेक मीड, म्हणजे या धरणामागचं तळं, जवळजवळ भरलेलं होतं. त्या जुलैत पातळी समुद्रसपाटीपासून 1,040 फुटांवर आली होती. पूर्ण भरल्यावर ती 1,229 फूट असते. 1937 साली तळं भरत असताना ती शेवटची इतकी खाली होती. पट्ट्याची उंची तुम्हीच काढा.

भिंत आधी सांगतो. कारण ती खरोखरच अशी आहे की तिच्यापुढे उभं राहून राजकारण सुचत नाही.

कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाळवंटातून वाहत मेक्सिकोत समुद्राकडे जाते. धरणापूर्वी ती वसंतात लाल गाळानं तुडुंब यायची आणि हिवाळ्यात खंगायची. 1905 साली तिनं कॅलिफोर्नियाला पाणी नेणाऱ्या कालव्याचा काठ फोडला आणि दोन वर्षं ती समुद्राऐवजी एका खोलगट भागात ओतत राहिली. साल्टन सी नावाचं खारं तळं आजही तिथे आहे. या नदीला वेसण घालायची तर धरण हवं, हे तेव्हा नक्की झालं. 1928 साली कायदा झाला, 1931 साली 4 कोटी 89 लाख डॉलरांचं कंत्राट गेलं, आणि जागतिक मंदीत उपाशी पडलेली हजारो माणसं बायकापोरांसकट त्या ओसाड घळीत येऊन राहिली. त्या उन्हाळ्यात दुपारचा पारा 48 अंशांच्या घरात होता. कंत्राटात एक कलम होतं की चिनी मजूर घ्यायचे नाहीत. काळ्या कामगारांबद्दल लेखी काही नव्हतं, तरी पाच हजारांच्या वर माणसं कामावर असतानाही त्यांची संख्या तिसापुढे गेली नाही.

पहिलं काम नदी बाजूला काढण्याचं. दोन्ही कड्यांतून दोन-दोन असे चार वळण बोगदे खोदले, प्रत्येकाचा व्यास 56 फूट. आमची पाच मजली इमारत आत मावली असती. ट्रकवर मचाण चढवून त्यावर दोन-अडीच डझन ड्रिल बसवायची, ट्रक खडकाला टेकवायचा, सगळी ड्रिल एकदम चालवायची, सुरुंग भरायचे, मागे सरायचं. 1932 च्या नोव्हेंबरात नदी बोगद्यांत वळली. वर कड्यांवर दोरखंडाला लटकलेली माणसं सुटे दगड पहारींनी उकरून खाली पाडत होती. त्यांनी आपल्या कापडी टोप्या डांबरात बुडवून कडक करून घेतल्या, वरून पडणारा दगड डोक्यात जाऊ नये म्हणून. पुढे कंत्राटदारानं तशा कडक टोप्या सगळ्यांनाच द्यायला सुरुवात केली. आपल्या प्रत्येक साइटवरच्या पिवळ्या हेल्मेटच्या पूर्वजांत ही डांबरी टोपी धरायला हरकत नाही.

मग खरा प्रश्न आला, उष्णतेचा. उन्हाच्या नव्हे, सिमेंटच्या. सिमेंट पाण्याशी मिळालं की तापतं. कळीचा चुना भिजवल्यावर कसा खदखदतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. घराच्या स्लॅबमध्ये ही उष्णता निघून जाते. पण पायथ्याशी 660 फूट जाडीच्या भिंतीतून ती निघणार कशी? सगळी भिंत सलग ओतली असती तर ती थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती, असा हिशेब होता. तेवढ्या काळात आक्रसत जाऊन ती तडकली असती आणि फुकट गेली असती.

म्हणून ते ठोकळे, आणि म्हणून पाच फुटांचे थर. प्रत्येक थरात एक इंची पोलादी नळ्यांची वेटोळी टाकलेली. त्यांतून आधी नदीचं पाणी खेळवायचं आणि मग यंत्रानं गार केलेलं बर्फासारखं पाणी. त्यासाठी जागेवर शीतगृहाचं यंत्र उभारलं होतं, दिवसाला हजार टन बर्फ होईल एवढ्या ताकदीचं. नळ्यांची एकूण लांबी 582 मैल, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा जास्त. ठोकळा गार झाला, आक्रसला, शेजारच्या ठोकळ्याशी फट पडली, की त्या फटीत आणि त्या नळ्यांत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवण, दाबून भरायचं. शीतकरणाच्या नळ्या शेवटी भिंतीचाच भाग झाल्या. वडिलांना हे मी फोटो दाखवून समजावलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "व्हॉल्व्ह कुठे ठेवले होते?"

6 जून 1933 ला पहिली डोल ओतली आणि दोन वर्षांच्या आत भिंत माथ्यापर्यंत गेली. 221 मीटर उंच. 30 सप्टेंबर 1935 ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी उद्घाटन केलं. 1995 साली भिंतीतून काँक्रीटचे नमुने काढले तेव्हा त्याची ताकद अजून वाढतच असल्याचं दिसलं. फ्रँक क्रो हा कामावरचा मुख्य माणूस आणि जॉन सॅव्हेज हा आराखड्याचा. त्यांनी दिलेला शब्द नव्वद वर्षांत मोडलेला नाही.

आपल्या तानसा धरणाशी ताडून बघितलं तर बुद्धी कुठे लावली ते कळतं. तानसा 1892 चं, अडीच किलोमीटरहून लांब आणि हूवरच्या मानानं बुटकं. दरी पसरट, त्यामुळे दगडी बांधकामाचं वजन हाच सगळा आधार. पाणी ढकलतं, भिंत आपल्या वजनानं जागा सोडत नाही. हूवरची लांबी 379 मीटरच. घळ अरुंद, कडे कणखर. म्हणून तिथे भिंत वजनदार तर केलीच, शिवाय पाण्याच्या बाजूला कमानीसारखी फुगवली. पाण्याचा रेटा कमानीतून दोन्ही कड्यांवर जातो आणि तळं जितकं भरेल तितकी भिंत कड्यांत घट्ट बसते. आपल्या मध्य वैतरणेच्या धरणात, जे 2014 साली झालं, उष्णतेचा तोच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सोडवला. सिमेंटचा बराच भाग काढून राख घातली, आणि कोरडंच काँक्रीट थराथरानं पसरून रोलरनं दाबलं. नळ्यांचं जंजाळ नाही, ठोकळे नाहीत. घाटघरच्या धरणाला हे तंत्र देशात पहिल्यांदा वापरलं गेलं होतं. आपल्याला याचा अभिमान का नाही, हे मला कळत नाही. आपण धरणाला नाव कुणाचं द्यायचं यावर महिनाभर बोलतो.

नावाचं भांडण तिकडेही झालंच. हूवर, मग बोल्डर, मग 1947 साली संसदेनं पुन्हा हूवर. असो.

भिंतीला त्रास झाला नाही असं नाही. 1941 साली सांडवे पहिल्यांदा चालवले आणि ॲरिझोनाकडच्या सांडव्याच्या बोगद्यात वेगानं धावणाऱ्या पाण्यानं काँक्रीट उखडून मोठा खड्डा पाडला. 1983 साली महापूर आला, पाणी पुन्हा सांडव्यांवरून गेलं, आणि त्यानंतर बोगद्यांत धावत्या पाण्यात हवा मिसळायची सोय केली. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. तळं भरायला लागल्यावर तिथे भूकंपाचे धक्के बसू लागले. 1939 सालचा धक्का पाच रिश्टरच्या आसपासचा. पाण्याच्या भारानं जमीन हलू शकते याची ती सुरुवातीची नोंद. कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे काय झालं ते वेगळं सांगायला नको. कोयनेची भिंत वरच्या भागात तडकली, पण उभी राहिली. शेकडो घरं राहिली नाहीत.

आता हिशेब. धरण बांधायच्या आधी वाटणी ठरायला हवी होती, कारण कॅलिफोर्निया सगळं पाणी आधी वापरायला लागेल आणि पुढे त्यावर हक्क सांगेल, ही बाकीच्या राज्यांना धास्ती. नोव्हेंबर 1922 मध्ये न्यू मेक्सिकोत सांता फे शहराजवळ सात राज्यांचे प्रतिनिधी बसले. अध्यक्षस्थानी व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर, जे स्वतः खाण इंजिनिअर होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. वरच्या चार राज्यांना वर्षाला 75 लाख एकर-फूट, खालच्या तीन राज्यांना 75 लाख. (एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर पाणी.) 1944 च्या तहानं मेक्सिकोला 15 लाख. बेरीज केली तर दीड कोटीच्या वर जाते. नदी तेवढी होती का?

त्यांच्या हातात होत्या त्या नोंदी जेमतेम दीड-दोन दशकांच्या, आणि ती वर्षं होती भरपूर पावसाची. पुढे झाडांच्या खोडांतली वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी दाखवलं की 1905 नंतरचा तो काळ गेल्या कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी होता. म्हणजे सुगीच्या वर्षाचं उत्पन्न कायमचं धरून भावांनी वाटणीपत्र केलं. त्यातही वाईट असं की कुणी सांगितलंच नाही असं झालं नाही. सरकारच्याच भूगर्भ खात्यातला जलतज्ज्ञ ई. सी. लारू हा नदीत एवढं पाणी नाही असं लिहून आणि बोलून गेला होता. पण त्याचा आकडा धरला असता तर करार झाला नसता, आणि करार नाही तर धरण नाही. मला इथे कुणी खलनायक दिसत नाही. सगळ्यांना घरी काहीतरी घेऊन जायचं होतं. बैठकीत मोठा आकडा नेहमीच लोकप्रिय असतो.

2000 सालापासून नदीत वर्षाला सरासरी सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपासच पाणी येतंय. शिवाय वाळवंटातलं ऊन तळ्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला जवळजवळ दोन मीटर पाणी उडवून नेतं, आणि खालच्या तीन राज्यांच्या हिशेबात ही उडालेली रक्कम कुणाच्याच खात्यातून वजा होत नव्हती. नव्वद वर्षं! आपल्याकडे किराणा दुकानदारसुद्धा घट धरतो.

खालच्या वाटणीत कॅलिफोर्नियाला 44 लाख, ॲरिझोनाला 28 लाख आणि नेवाडाला फक्त 3 लाख. कारण तेव्हा लास व्हेगस हे काही हजार वस्तीचं रेल्वेचं ठाणं होतं आणि नेवाडाच्या प्रतिनिधींना तेवढं पुष्कळ वाटलं. ॲरिझोनानं तर 1944 पर्यंत करारावर मोहोरच उठवली नाही. 1934 साली तिथल्या गव्हर्नरांनी खाली पार्कर इथे धरणाचं काम थांबवायला राज्याचे सैनिक पाठवले होते. जायकवाडीला पाणी सोडायच्या वेळी नाशिक-नगरकडचे कालवे आणि बंधारे पोलिस बंदोबस्तात असतात तेव्हा मला हे आठवतं. समन्यायी वाटप हा कायद्यातला शब्द मराठवाड्यात एका चालीत म्हणतात आणि नगरमध्ये दुसऱ्या.

आणि यादीत नसलेले. नदीकाठी हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ अमेरिकन जमातींपैकी एकही जण त्या बैठकीत नव्हता. करारात त्यांच्यावर एक ओळ आहे: अमेरिकेची या जमातींबद्दल जी काही बांधिलकी असेल तिला या करारानं बाधा येत नाही. बस. आज नावाहो लोकांच्या कित्येक घरांत नळ नाही, पाणी बॅरलमधून गाडीवर वाहून आणतात. नदी त्यांच्या प्रदेशाच्या कडेनं जाते.

इथे मी मुंबईत परत येतो, कारण मला तिकडच्या कुणाकडे बोट दाखवायला तोंड नाही.

आपला क्रम आठवून बघा. 1860 साली मिठी नदी अडवून विहार झालं, तेव्हा शहराची तहान भागली असं वाटलं. मग 1879 साली तुळशी. मग 1891 साली घाईघाईत पवई, ज्याचं पाणी पुढे पिण्याजोगं राहिलं नाही. मग तानसा. 1957 साली मोडक सागर, ज्याला नगर अभियंता नानासाहेब मोडक यांचं नाव आहे. अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी शहराला पुरून उरेल म्हणून आकडा धरला आणि प्रत्येक वेळी शहरानं आकडा ओलांडला. आज सात तलावांचा मिळून पूर्ण साठा 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातशाचा वाटा जवळपास निम्मा. लेक मीडमध्ये असे पंचवीसेक साठे मावतात, किंवा बारा कोयना. पण आपलं भांडं दर पावसाळ्यात भरतं, त्यांचं पूर्ण भरेल अशी आशा फारशी कुणी धरत नाही. हा आपला मोठा नशिबाचा भाग आहे आणि आळसाचंही कारण. जुलैच्या शेवटी तानसा भरून वाहिल्याची बातमी आली की सोसायटीच्या मीटिंगमधून पाण्याचा विषय निघून जातो.

तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, सगळी शहापूर आणि आजूबाजूच्या डोंगरपट्ट्यात. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर चालतात. मी वडिलांबरोबर एकदा त्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेनं माणूसभर उंचीची जलवाहिनी जात होती, मुंबईकडे. तिच्यावर जागोजागी हवा सोडायचे व्हॉल्व्ह असतात. त्यांतल्या एकाच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार उडत होती. खाली दोन बायका कळश्या लावून बसल्या होत्या. एकीनं धारेला साडीची चिंधी गुंडाळली होती, म्हणजे पाणी चिंधीवरून थेट कळशीत उतरेल, वाया जाणार नाही. वडील सवयीनं जवळ गेले. सांध्याला बोट लावून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वॉशर गेलाय." त्या बाईनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते मागे सरले. "तुमी दुरुस्तीवाले काय?" तिनं विचारलं. "नाय नाय," वडील म्हणाले, "असंच." त्यांनी नोंद केली नाही. आयुष्यभर गळती कळवण्याचा पगार घेतलेला माणूस.

कागदावर ते पाणी गळती आहे. तिच्या घरी ते पाणी आहे. मुंबईच्या जलवाहिन्यांतून किती पाणी हिशेबाबाहेर जातं यावर तज्ज्ञ बोलतात तेव्हा त्या बाकीत ही कळशीही असते.

बुडालेल्या गावांबद्दल थोडंसं. लेक मीडखाली सेंट थॉमस नावाचं गाव 1938 साली गेलं. पाणी उतरलं तसं ते वर आलं, आणि आता पर्यटक घरांच्या जोत्यांतून आणि आइस्क्रीमच्या दुकानाच्या उरलेल्या भिंतीपाशी फिरतात. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं आणि आपणही असेच मोबाइल घेऊन जातो. आपल्याकडे या विषयावर सगळ्यात आधी भांडण झालं ते मुळशीला, 1921 साली, सेनापती बापटांच्या काळात. टाटांचं ते धरण मुंबईला वीज देण्यासाठी होतं. मुंबईच्या दिव्यांचं आणि नळांचं बिल बहुतेक वेळा घाटमाथ्यावर फाडलं गेलंय.

लास व्हेगसबद्दल मी नाक मुरडून गेलो होतो. वाळवंटात कारंजी नाचवणारं शहर. पण 3 लाख एकर-फुटांच्या त्या तुटपुंज्या वाट्यानं त्यांना शहाणं केलंय. घरात, हॉटेलात जे पाणी मोरीतून आणि संडासातून जातं ते जवळजवळ सगळं शुद्ध करून पुन्हा तळ्यात सोडतात आणि तेवढं पाणी नव्यानं उचलायची मुभा मिळवतात. पाणी खरं खर्च होतं ते बागेत, कारण ते परत येत नाही. म्हणून 2021 साली कायदाच केला, रस्त्याच्या दुभाजकावरची आणि ऑफिसांपुढची शोभेची हिरवळ उखडायची. भाचीच्या कॉलनीत तर हिरवळ उखडून दगडगोटे टाकले होते. दुसरं त्यांनी केलं ते जरा भीतीदायक. तळ्याच्या तळाखालून बोगदा काढून 2015 साली पाणी उचलायचं तिसरं तोंड इतक्या खोलवर नेऊन बसवलं की पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं, धरणातून खाली एक थेंब सुटेनासा झाला, तरी व्हेगसच्या नळाला पाणी येईल. खालची शहरं आणि शेतं त्या दिवशी काय करतील हा त्यांचा प्रश्न. इंजिनिअरिंग म्हणून अव्वल, शेजारधर्म म्हणून तुम्हीच ठरवा.

आपण सांडपाण्याचं काय करतो ते मिठीच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्यांना माहीत आहे. विहारच्या खाली तीच नदी. वरळीपासून भांडुपपर्यंत सात ठिकाणी नवी शुद्धीकरण केंद्रं उभी राहतायत, ती झाली तर मोठी गोष्ट होईल. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे, पहिल्या टप्प्यात दिवसाला 20 कोटी लिटरचा. आणि रांगेत आहे गारगाई, वाडा तालुक्यातलं, दिवसाला 44 कोटी लिटर देणारं, ज्यासाठी तानसा अभयारण्यातलं जंगल आणि ओगद्यासारखी गावं पाण्याखाली जातील. कोलोरॅडोचे 2007 साली ठरवलेले टंचाईचे नियम 2026 सालापर्यंतचेच आहेत, त्यामुळे तिकडे सात राज्यं पुन्हा भांडायला बसली आहेत. या खेपेस जमातींचा आवाज वगळता येणार नाही, असं निदान सगळे तोंडानं तरी म्हणतात.

गारगाईबद्दल मी मध्य वैतरणेवर काम केलेल्या एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं की उठवलेल्या गावांना नव्या जागी नळ देतात का. "नळ देतातच," तो म्हणाला. "पुनर्वसनात असतोच नळ. पाण्याचं तू विचारू नकोस." मग त्यानं मोबाइलवर जुने फोटो काढले, रात्रीच्या पाळीत फ्लडलाइटखाली रोलर फिरताना, ओल्या थराची कड सुताला लागलेली. एका फोटोत तो स्वतः होता, बराच बारीक. कुठल्या थराला किती राख घातली आणि पावसाळ्यापूर्वी किती उंची गाठली ते तो सांगत राहिला. मी दुसरा चहा मागवला आणि थर कसा तासून पुढचा जोडतात ते विचारलं.